श्रेय एकट्या कॉन्स्टंटाइनचे नव्हे



रोममधील ख्रिस्ती धर्मप्रसाराचे सारे श्रेय गेल्या अंकातील पत्रलेखकाने सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पदरात टाकले आहे. ते पटत नाही. 313 मध्ये मिलानला ठरले ते फक्त धर्मस्वातंत्र्य. राजधर्माचा हुकूम निघाला 380 मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात. त्याच्या कितीतरी आधी, 251च्या सुमारास, रोमचा बिशप कॉर्नेलियस पत्रात हिशेबच मांडतो: 46 धर्मगुरू, 7 डीकन आणि ख्रिस्ती मंडळीच्या आधारावर जगणारे दीड हजारांहून जास्त विधवा व गरजू. सम्राट डेशियसने केलेल्या ख्रिस्त्यांच्या छळानंतर लगेचच, बरे का! जुन्या देवांचा कैवारी सम्राट ज्युलियन पुढे चडफडला तो ख्रिस्त्यांच्या याच दानधर्मावर. राजाश्रयाने वेग दिला, हे मान्य. पण पाया आधीच भरलेला होता.

– एक वाचक, पुणे