किडनीलाही ऊन लागतं: पनवेलकरांना तातडीचं आवाहन

लग्नसराई, गावच्या जत्रा आणि मेळावे ऐन उन्हाळ्यातच येतात, म्हणून मांडव उभे राहण्याआधीच हे सांगायला हवं. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच तालुक्यात, खारघरच्या मैदानावरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लोकांना ऊन लागलं आणि १४ जण दगावले. पारा होता ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल. पण तिथलं ऊन कोरडं. आपल्याकडे खाडीची दमट हवा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच.

ऊन लागलं की आपण डोक्यावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो. किडनीचं कुणाच्या मनातही येत नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, किडनीच्या वाट्याला कमी येतं. त्यात तापून, राबून स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यांतलं रंगद्रव्य आणि पोटॅशियम रक्तात उतरतं. रंगद्रव्य किडनीच्या नळ्या तुंबवतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडतं. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेली माणसं बाहेर काढल्यावर काही दिवसांनी का जातात, याचा शोध घेताना एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी १९४१ साली स्नायू आणि किडनीचं हे नातं मांडलं.

आपल्याला त्याहून जवळचे आहेत निकाराग्वाचे ऊसतोड कामगार. ना मधुमेह, ना बीपी, तरीही तरणीताठी पोरं किडनी गमावत होती. संशोधकांनी त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का हे सांगणारं द्रव्य, वेळोवेळी तपासलं, तेव्हा एका हंगामातच किडनीला इजा होत असल्याचं दिसलं. तिथल्या कारखान्यात सावली आणि विश्रांती वाढवली, तसं या इजेचं प्रमाण चांगलंच घसरलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला हमाल आणि तळोज्याच्या भट्टीवरचा हेल्पर याहून वेगळं काय करतात? मुकादमांनो, भर दुपारची जड कामं सकाळी उरका आणि सावलीतली सुट्टी पगारातून कापू नका.

मंडळांनो, पाण्याचे जार ठेवले की काम झालं असं समजू नका. बायका पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. सकाळी घरून निघताना अर्धा पेला, मग थेट संध्याकाळी घरी. मांडवाशेजारी, सावलीत, दाराला कडी असलेली शौचालयं पुरेशी नसतील तर कार्यक्रम उन्हातून काढा, संध्याकाळी घ्या. व्यासपीठावर कूलर आणि समोर उघडं मैदान, हा बेत तर आता बंदच व्हावा.

घामाबरोबर मीठही जातं. लोटीमागून लोटी नुसतं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, माणूस बरळू लागतो, फिट येते. मीठ घातलेली पेज आणि ताक आपल्या घरचंच आहे, ते प्या. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अंदाजाने ग्लासात नको. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये बंदी आणली. तसला जुना खोका कुणी पुढे केला तर घेऊ नका. किडनीचा, हृदयाचा आजार असलेल्यांनी, लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे सगळं किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.

आणि ती दुखण्याची गोळी! दिवसभर उन्हात राबून अंग ठणकतं, मग रात्री मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणलं जातं. आधीच रक्ताला आसुसलेल्या किडनीचा पुरवठा या गोळ्या आणखी आवळतात. औषध दुकानदारांनो, गिऱ्हाईक उन्हातून आलंय का, लघवी होतेय का, एवढं विचाराच.

लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर सकाळची वाट पाहू नका. बरळणं, फिट, शुद्ध हरपणं दिसलं तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या कपड्याने अंग पुसत वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. दवाखान्यात सलाइन लावून बरं वाटलं म्हणून लगेच उठून घरी येऊ नका. क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासलं का, हे विचारा. क्रिएटिनिन उशिरा चढतं, तेव्हा ते पुन्हा कधी तपासायचं, ती तारीखही कागदावर लिहून घ्या.