संगणकाचा संसार

देवघराचें तोंड कोणत्या दिशेस असावें, पाण्याचा माठ कोठें ठेवावा, दिवाणखान्यांत कोण कोठें बसावें, याचा विचार आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. परंतु घरांत संगणक येतो तेव्हां भिंतींत जेथें विजेची खोबण असेल तेथें त्याची स्थापना होते आणि पुढें त्या जागेचा कोणी विचार करीत नाहीं. आम्हांस या यंत्रांच्या मांडामांडीचा नाद आहे. पूर्वीं एखाद्या गृहस्थास घड्याळें उघडण्याचा छंद असला म्हणजे आप्तेष्टांचीं सारीं बंद पडलेलीं घड्याळें त्याच्याकडे येत. त्याच न्यायानें स्नेह्यासोबत्यांच्या घरच्या व कचेरींतल्या संगणकांचीं दुखणीं आमच्याकडे येतात. त्या अनुभवांतून जें निष्पन्न झालें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्य करूं लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याची निगा राखण्यास जाणत्या माणसांचा ताफा होता. आज त्याहून कितीतरी समर्थ यंत्र मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर बसतें. मात्र ताफा नाहींसा झाला आहे व त्याचें काम गृहस्थाच्या अंगावर आलें आहे. तें काम तीन प्रकारचें आहे : विजेची व्यवस्था, जोडणीची व्यवस्था आणि साठवणीची व्यवस्था.

प्रथम वीज. पुण्यांतील एका जुन्या वाड्यांत आमचे एक आप्त राहतात. त्यांची कन्या संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लावी तेव्हां तिच्या बोटांस झिणझिण्या येत. यंत्रच सदोष आहे असें ठरवून तें परत करण्याची तयारी झाली होती. आम्हीं मुख्य बटण बंद करून भिंतीवरील खोबण उघडली, तों तीन भोंकांपैकीं वरच्या मोठ्या भोंकामागें तारच नव्हती! संगणकास वीज पुरविणाऱ्या भागांत विजेंतील गोंगाट गाळणारे लहान कपॅसिटर असतात. त्यांतून पेटीकडे येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेनें जमिनींत जावा अशी योजना असते. ही वाट नसली म्हणजे पेटीवर २३० व्होल्टांच्या सुमारें निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह क्षुद्र असल्यामुळें झिणझिण्यांवर भागतें; परंतु खरोखर बिघाड होऊन विजेची तार पेटीस टेकली तर तीच उणीव जिवावर बेतते. प्लगाचा एक पाय लांब व जाड केलेला असतो तो शोभेसाठीं नव्हे. प्लग घालतांना तो सर्वांच्या आधीं टेकावा व काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावा, हा त्याचा हेतु आहे. वाड्यांत परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग करून घेतल्यावर झिणझिण्या थांबल्या आणि यंत्र परत करावें लागलें नाहीं.

वीज गेल्यावर यंत्र एकाएकी विझूं नये म्हणून ‘यूपीएस’ घेतात. त्याचें काम रात्रभर दिवा तेवत ठेवण्याचें नाहीं. हातांतलें काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका अवकाश देणें एवढेंच तें आहे. त्यास लेसर छपाईयंत्र जोडूं नये, कारण कागदावरची पूड वितळविणारा त्याचा तप्त रूळ एकदम पुष्कळ वीज ओढतो. आंतील बॅटरी बहुधा दोन ते चार वर्षांत निकामी होते व तसें ती सांगत नाहीं. म्हणून वर्षांतून एकदां मुद्दाम वीज बंद करून तिची परीक्षा घ्यावी. वळवाच्या दिवसांत आकाश गडगडूं लागलें कीं सर्व प्लग काढून ठेवावे. कांचेच्या तंतूंतून येणाऱ्या जोडणींतून वीज येत नाहीं हें खरें, परंतु ती घेणाऱ्या पेटीचा प्लग भिंतींतच असतो.

जोडणीविषयीं फार लिहावें लागत नाहीं. आमच्या एका वकील स्नेह्यांच्या चार खोल्यांच्या कचेरींत शेवटच्या खोलींतील कारकुनास इंटरनेट मिळत नसे व दोष सेवा देणाऱ्यांवर जाई. तपास करतां राउटर पक्षकारांच्या फायलींनीं भरलेल्या लोखंडी कपाटामागें ठेवलेला आढळला. दिसावयास बरें दिसत नाहीं म्हणून तो तेथें दडविला होता! धातूच्या पत्र्यांतून रेडिओलहरी जात नाहींत व जाड भिंतींत त्या क्षीण होतात. २·४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोंचतात पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान् पण भिंतींपुढें लवकर थकणाऱ्या. राउटर मधल्या खोलींत, पुरुषभर उंचीवर, उघडा ठेवतांच तीन खोल्यांचें गाऱ्हाणें मिटलें. चवथीसाठीं तार ओढली. या तारेंत चार जोड्या असून प्रत्येक जोडींतील दोन तारा एकमेकींस पिळलेल्या असतात, जेणेंकरून बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांस सारखाच बाधावा व परस्पर वजा व्हावा. तिची लांबी १०० मीटरांपर्यंत चालते. तेवढी मोठी कचेरी आमच्या परिचयाच्या वकिलांत तरी कोणाची नाहीं.

आतां साठवणीकडे वळूं, कारण वरील चुका पैसे खर्चून सुधारतां येतात, ही पुष्कळदां येत नाहीं. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें तबकड्यांवर माहिती साठविणारें पहिलें यंत्र विक्रीस काढलें. त्यांत ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लक्ष अक्षरें मावत. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एक छायाचित्रहि जवळजवळ तेवढी जागा व्यापतें. साठा असा प्रचंड झाल्यामुळें त्याच्या नाशाची कल्पना आपल्या मनास शिवत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांचे वडील संस्कृताचे निवृत्त शिक्षक. त्यांनीं सहा वर्षें खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर स्वतः उतरविला. त्यांच्या पश्चात् तबकडींतून टकटक आवाज येऊं लागला व एके दिवशीं ती उघडेना. ‘प्रत आहे’ असें घरचे निश्चिंतपणें म्हणत होते. प्रत होती ती ‘डी’ नांवाच्या कप्प्यांत. आणि ‘सी’ व ‘डी’ हे त्याच एका तबकडीचे दोन कप्पे! एका हंड्यांतलें दूध दोन ओळींनीं विभागून हंडा फुटल्यास दूध वांचेल, असें मानण्यासारखेंच हें झालें. तज्ज्ञांकडे नेल्यावर तबकडीचा पृष्ठभागच खरवडला गेल्याचें कळलें. शोधाशोध करतां कपाटांत एक जुनी सीडी मिळाली, पण ती उघडतांच मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसूं लागला. घरांत रडें कोसळलें.

त्या ढिगाचें कारण असें. १९९१ सालीं ‘युनिकोड’ या संकेताची पहिली आवृत्ति निघाली व तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला. परंतु तो संकेत आपल्याकडे रुळण्यास बरींच वर्षें लागलीं. तोंवर पुष्कळ लेखन रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचीं चित्रें चढवून होत असे. तो विशिष्ट टंक संगणकांत नसला म्हणजे खालचें रोमन उघडें पडतें. सुदैवानें वडिलांनीं टंकहि त्याच सीडीवर ठेवला होता. मजकूर वाचतां आला व तो आम्हीं युनिकोडमध्यें उतरवून दिला. मात्र शेवटचीं दोन वर्षें त्या सीडीवर नव्हतीं. त्या भागांत कुळांतील लेकीसुनांची माहिती होती, आणि ती सांगणाऱ्या आत्याबाई तोंवर निवर्तल्या होत्या. सहा पिढ्यांचे पुरुष त्या वृत्तांतांत आज नांवगांवासह आहेत. त्यांच्या बायकांचीं माहेरचीं नांवें गेलीं तीं गेलींच.

म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम आम्ही प्रत्येक घरीं सांगतों : महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, व त्यांपैकीं एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत लेकीच्या घरीं किंवा दूरच्या भाड्याच्या साठ्यांत ठेवावी. येथें पुसलें कीं तेथेंहि आपोआप पुसलें जाईल अशा जोडणीस प्रत समजूं नये. आणि जुन्या टंकांतील मराठी मजकूर घरांत असेल तर तो वाचणारीं साधनें हयात आहेत तोंवरच युनिकोडमध्यें आणावा.

यास आणखी एक पुस्ती जोडावीशी वाटते. बहुतेक घरांत परवलीचे शब्द एकट्या यजमानास ठाऊक असतात. त्यांच्यावर दुर्धर प्रसंग ओढवल्यास गृहिणीस दागिन्यांच्या पेटीची किल्ली सांपडते, पण विम्याच्या कागदांची व नातवंडांच्या छायाचित्रांची सांपडत नाहीं. ते शब्द कागदावर लिहून, लखोटा बंद करून, मृत्युपत्राशेजारीं ठेवावे व ते तेथें आहेत हें पत्नीस सांगावें. यांत अशुभ कांहीं नाहीं. विमा उतरवितांना आपण हाच विचार करतों.

खंडेनवमीस आपण हत्यारांची व अवजारांची पूजा करतों, आणि हल्लीं संगणकासहि हळदकुंकू व झेंडूचें फूल मिळतें. त्या दिवशीं फूल वाहण्यापूर्वीं यंत्राच्या पंख्यावरची धूळ काढावी, यूपीएसची परीक्षा घ्यावी आणि बाहेर ठेवलेल्या प्रतींतील एखादें जुनें पत्र उघडून वाचून पाहावें. तें उघडलें तर प्रत आहे असें समजावें. न उघडलें तर दुसऱ्याच दिवशीं, दसऱ्याच्या मुहूर्तावर, नवी करण्यास घ्यावी.