दत्तक कोण कुणाला घेतंय?

एनएसएसच्या शिबिराचा बॅनर दिसला की माझी नजर आधी 'दत्तक गाव' या शब्दांवर जाते. योजनेप्रमाणे युनिटने एक गाव दत्तक घ्यायचं असतं. आपल्या तलासरी-डहाणूत ते गाव बऱ्याचदा स्वयंसेवकांचं स्वतःचंच असतं. झरीचा पोरगा टोपी घालून झरीत येतो आणि झरीचा रस्ता झाडतो. ब्रीदवाक्य काय, तर 'नॉट मी बट यू'. इथे 'मी' आणि 'यू' एकाच पाड्यातले!

मी एनएसएसच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली. आज स्वयंसेवक लाखांनी मोजतात. आपल्याकडेही पोरं, त्यातही पोरी, हौसेने नाव घालतात. घरातून कॉलेजला गेलेलं पहिलंच माणूस असतं ते. माइकची भीती तिथेच मोडते. त्याचे गुण मिळायचे, आता नव्या धोरणात श्रेयांक मिळतात. मिळू देत की! फुकट राबायला ती काय वेठबिगार आहेत? वेठ करायची नाही हे २३ मे १९४५ ला याच झरीत हजारो वारल्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं, गोदावरीबाई परुळेकरांच्या साथीने. अशा गावाला कुणी दत्तक घेतं म्हटलं की जरा हसूच येतं.

माझं भांडण वेगळं आहे, ते तासांबद्दल. प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. युनिट १०० जणांचं धरलं तर झाले १२ हजार तास. शिवाय निम्म्या मुलांचं सात दिवसांचं शिबिर. एवढे तास तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे आहेत सांगा? आणि ते जातात कुठे? प्रभातफेरी, पोस्टर, पाहुण्यांची भाषणं, ग्रुप फोटो.

वनराई बंधारा पण बांधतात, नाही असं नाही. पण कधी? डिसेंबर-जानेवारीत. तोवर बरेचसे ओहोळ आटत आलेले असतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून रचायची, एवढंच काम, पण ते पाऊस संपल्या संपल्या, धार वाहती असताना करायचं. तरच पाणी अडतं, मुरतं आणि जवळची विहीर थोडे दिवस जास्त टिकते. पावसाळ्यात एवढा धो धो पडणारा आपला भाग, आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन किती लांब जातात ते सगळ्यांना माहीत आहे. आटलेल्या ओहोळात रचलेली पोती फोटोत मात्र छान दिसतात.

मान्य, अडचण खरी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टरची परीक्षा असते आणि घरी भातकापणी. काही पोरं तर वापी-उंबरगावला शिफ्टही करतात, त्यांना सात दिवस अडकवून ठेवणं बरोबर नाही. म्हणूनच म्हणतो, बंधारा शिबिरातून काढा आणि १२० तासांत घाला. ज्या पाड्यातली पाच-सहा पोरं युनिटमध्ये आहेत त्यांनी आपल्याच पाड्याचा ओहोळ एका रविवारी अडवावा. गावचे म्हातारे जागा दाखवतील. त्यांच्याइतकं पाणी प्रोजेक्टरवाल्या साहेबाला कळत नाही.

मग डिसेंबरच्या शिबिरात काय करायचं? अभ्यास. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की मागे राहिलेली पोरं शाळेला दांड्या मारतात. त्यांना रोज संध्याकाळी दोन तास घेऊन बसा, आणि शिबिर संपलं तरी बसा. बारावीवाल्यांचे जातीचे दाखले, पडताळणी, शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज भरून द्या. एका कागदापायी वर्ष गेलेली पोरं प्रत्येक पाड्यात सापडतील. हे काम एफवायच्या पोरीला जमतं, कारण तिने स्वतः ते गेल्या वर्षी केलेलं असतं. शिकवता शिकवता तिचाही अभ्यास पक्का होतो, तो फायदा वेगळाच.

कार्यक्रम अधिकारी सरांपैकी कुणी हे वाचत असेल तर राग मानू नका. अहवालाला फोटो लागतात हे मला कळतं. मार्चमध्ये विहिरीत किती पाणी आहे, त्याचाही एक फोटो जोडा ना.

ओहोळ अजून वाहतोय. घर बांधून झालेल्यांकडे सिमेंटची रिकामी पोती पडून असतील तर कमेंटमध्ये पाड्याचं नाव टाका, न्यायला येतो. फाटकी नकोत.