केसांचा बाजार आणि गव्हाचा दाणा

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कापड, चपला, कंगवे आणि फिती यांच्या त्या गर्दीत औषधांची दुकानेही आहेत, आणि त्यांच्या काचेआड गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाने बरीच जागा व्यापली आहे. 'नैसर्गिक' असा शिक्का मिरवणाऱ्या केसवाढीच्या गोळ्या, चघळण्याच्या वड्या, चूर्णे आणि अर्क तेथे मांडलेले दिसतात. गिऱ्हाईक श्रीमंतच असते असे नाही. बाळंतपणानंतर केसांचे पुंजके हाती येऊ लागल्याने घाबरलेली स्त्री, मुलाखतींच्या फेऱ्या मारणारा पदवीधर, लग्न ठरावयाचे असलेला तरुण, अशी ही माणसे असतात. महिन्याकाठी पाचशे-हजार रुपये त्यांच्या खिशातून सहज जातात, आणि किमान तीन महिने, शक्यतो सहा महिने, हे सेवन चालू ठेवावे असे त्यांना सांगितले जाते.

पक्षाच्या साप्ताहिकाने केसांवर अग्रलेख लिहावा काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. त्याचे उत्तर नागपूरहून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवर असलेल्या शेगाव तालुक्यात आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. दोन-तीन दिवसांत डोके खाजू लागे, मग केस हातात येत, आणि आठवडा उलटण्याच्या आत टक्कल पडे. बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतून सुरू झालेला हा प्रकार पुढे अठरा गावांत पसरला, आणि बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या पुढे गेली. मुलींनी शाळा-महाविद्यालयात जाणे टाळले, घरोघरी ठरणारी लग्ने लांबणीवर पडली. आधी पाण्याकडे बोट दाखविण्यात आले, नंतर बुरशीकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपासणी करून फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष मांडला: बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अतोनात वाढलेले होते, जस्ताचे प्रमाण घटलेले होते, आणि रेशन दुकानांतून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात स्थानिक गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम होते.

आता सीताबर्डीच्या काचेआड पुन्हा पाहावे. केसवाढीच्या बाटल्यांवरील घटकांच्या यादीत हेच सेलेनियम अनेकदा अभिमानाने छापलेले असते. सेलेनियम शरीराला लागतेच, परंतु किती? भारतीय प्रौढाची दैनंदिन गरज सुमारे ४० मायक्रोग्रॅम इतकी मानली जाते, आणि साधा मिश्र आहार घेणाऱ्यास ती बहुधा जेवणातूनच भागते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली रोजच्या सेवनाची वरची मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरविली, तेव्हा विषबाधेचे पहिले लक्षण म्हणून केस गळण्याचाच आधार घेतला. म्हणजे जे द्रव्य केस वाढविण्याच्या नावाने विकले जाते, तेच जास्त झाले तर केस घालविते. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकाच्या निर्मितीत चूक होऊन लेबलवर छापल्याच्या दोनशे पट सेलेनियम त्यात मिसळले गेले. दहा राज्यांतील २०१ माणसे आजारी पडली आणि त्यांच्यातील बहुसंख्यांचे केस गेले. ती माणसे आरोग्यासाठीच ते घेत होती. जीवनसत्त्व अ याचीही गोष्ट अशीच आहे. ते अधिक झाले की केस गळतात.

'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ या ठिकाणी तपासून घेतला पाहिजे. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम भरपूर आहे, आणि तेथील गुराढोरांचे केस व खूर झडल्याचे शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदविले आहे. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी माणसांची नखे आणि केस याच कारणाने गळले. ही सारी विषबाधा पूर्णतः नैसर्गिक होती. तिच्यात कारखान्याचा थेंबभरही हात नव्हता.

गुणाचा प्रश्न तपासताना एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. विषमज्वर, डेंगू, कोविड, बाळंतपण, उपासमार, मोठी शस्त्रक्रिया अशा आघातानंतर बरेच केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडू लागतात. कारण मागे पडलेले असते, म्हणून माणसाला त्याचा संबंध लागत नाही, ते घाबरते. ही गळती बहुतेकांत सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि नवे केस, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने, वर येऊ लागतात. गळती ऐन भरात असताना बाटली घ्यायची, सहा महिने ती खायची, आणि शरीराने स्वतः केलेल्या दुरुस्तीचे श्रेय बाटलीला द्यायचे, असा हा व्यवहार आहे. शपथेवर सांगणारे संतुष्ट गिऱ्हाईक त्यातूनच तयार होते. ते खोटे बोलत नसते. त्याच्यापुढे तुलनेला दुसरे काही नसते एवढेच.

तुलना करून पाहिलेल्या प्रयोगांत हाती फारसे लागत नाही. बायोटिन हे या बाजाराचे लाडके नाव. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जात असताना गोळीत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम घातलेले असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बायोटिनने केस वा नखे सुधारल्याची अठरा प्रकरणे सापडली, आणि त्या प्रत्येक रुग्णास मुळात कुठला ना कुठला विकार होता. निरोगी माणसास उपयोग झाल्याचा पुरावा मिळाला नाही. धोका मात्र मिळाला. रक्तातील बायोटिन वाढले की थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही तपासण्या चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी दिला. चुकलेल्या तपासणीने हृदयविकार ओळखता न आल्यामुळे एक मृत्यूही नोंदला गेला. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा कोरियातील ७६ पुरुषांवरील प्रयोग (२०१४) आशादायक वाटतो, परंतु त्या गोळीत इतरही द्रव्ये होती. माक्याचे प्रयोग प्रामुख्याने उंदरांवरचे.

माका, जास्वंद, आवळा घालून उकळलेले तेल घरोघरी आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते असे २००३ च्या एका अभ्यासात दिसून आले. तो अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हे सोबत सांगितलेले बरे. तेलाने केस तुटायचे कमी होतील, नवे उगवणार नाहीत. घरचे तेल डोक्याला लावणे निराळे आणि अनोळखी चूर्ण पोटात घेणे निराळे. बोस्टन शहरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. अश्वगंधेने यकृतास इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. देशी वैद्यकाविषयी आस्था असलेल्या सहकाऱ्यांना हे रुचणार नाही. परंतु आज देशी नावाने उभा असलेला हा बाजार कोपऱ्यावरच्या वैदूचा राहिलेला नाही. त्यात मोठे भांडवल उतरले आहे, आणि पुरावा मागताच ते परंपरेआड लपते.

कायदा आहे की नाही? आहे, पण त्याला तीन दारे आहेत. औषध म्हणून विकाल तर औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे; ते बरे करण्याचा दावा करता येत नाही. म्हणून माल अन्नाच्या दाराने आणला जातो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील पूरकांना विक्रीपूर्वी रुग्णांवरील प्रयोगांनी गुण सिद्ध करावा लागत नाही. आजार बरा करतो असे न म्हणता 'केसांचे पोषण' म्हटले की काम भागते. तिसरे दार आयुर्वेदाचे. तेथे जाहिरातीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची आगाऊ संमती आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ साली आला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये तो काढून टाकला, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठविली.

फूटपाथवर जडीबुटी मांडून बसलेल्याला हुसकावणे या सर्वांत सोपे, आणि प्रशासन बहुधा तेवढेच करील. मूळ प्रश्न तेथे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मागील फेरीत तो ४८ टक्के होता. शरीरात लोह कमी पडणे हे स्त्रियांचे केस गळण्याचे एक नित्याचे कारण आहे. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळावयाच्या असतात. जी बाई हजार रुपयांची बाटली घेऊन घरी जाते, तिचे हिमोग्लोबिन कोणी तपासलेलेच नसते.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे बरेच आहे. बाटली दाखविली गेली तर तिला नावे ठेवण्याआधी मागच्या तीन-चार महिन्यांतील ताप, बाळंतपण, उपवास यांची चौकशी करावी, आणि मेडिकल अथवा मेयोच्या त्वचारोग विभागात नेऊन रक्त व थायरॉइडची तपासणी करवून घ्यावी. बायोटिन चालू असेल तर ते तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे. रेशनच्या गव्हाविषयी शंका आली तर तो टाकून न देता नमुना बांधून ठेवावा आणि पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. त्यासाठी पावती आणि बाटलीवरचे लेबल दोन्ही जपून ठेवावी लागतात. ते लेबल बहुधा इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत छापलेले असते, ही तक्रारही त्याच अर्जात लिहावी.