नीट-एमडीएस : पोथी पाठ करू नका, माणसाचे तोंड वाचा!

आमच्या समाजातील मुलगा किंवा मुलगी बीडीएस झाली की वस्तीत पेढे वाटले जातात. दारावर डॉक्टरची पाटी लागते. आईबापाच्या कष्टाचे चीज झाले, असे सारेच म्हणतात. आणि गाडी तेथेच थांबते. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप संपवून हा तरुण डॉक्टर अमरावती-अकोल्यात कोणाच्या तरी दवाखान्यात मिळेल त्या पगारावर उभा राहतो. एमडीएसचे काय, असे विचारले तर उत्तर येते, 'पुढच्या वर्षी पाहू.' हे पुढचे वर्ष येत नाही, हे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे.

अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, अकोल्यातही आहे. दोन्ही खाजगी. सरकारी दंत महाविद्यालय गाठायचे तर नागपूर. नाव असलेले कोचिंग वर्ग मोठ्या शहरांत, त्यांची फी आणि खोलीभाडे भरताना शेतमजुराचे घर मोडून पडते. ही अडचण खरी आहे. परंतु अडचण सांगून आम्ही हातावर हात ठेवून बसायचे काय?

आधी परीक्षा समजून घेऊ. २४० प्रश्न, तीन तास, ९६० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. १०० प्रश्न शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र यांसारख्या मूलभूत विषयांचे. १४० प्रश्न मुख्यतः दंतवैद्यकाच्या नऊ शाखांचे. आमची मुले काय करतात? नऊ शाखांची नऊ गाईडे घेतात आणि एकेका ओळीची उत्तरे घोकतात. महिन्याभरात पहिले गाईड विसरलेले असते. ही पोथीनिष्ठा झाली, अभ्यास नव्हे! मूळ संकल्पना पकडली तर नऊ शाखा एकाच माणसाच्या तोंडात सापडतात.

आमच्या वऱ्हाडातला खर्रा घ्या. सुपारी, तंबाखू आणि चुना. सुपारीतील अरेकोलिनमुळे तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू वाढतात, सुपारीतील तांबे त्या तंतूंना अधिक घट्ट करते. गालाच्या आत दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे येतात आणि तोंड उघडेनासे होते. हाच सबम्युकस फायब्रोसिस. येथपर्यंत विकृतीशास्त्र झाले. तोंड किती मिलिमीटर उघडते हे मोजणे ओरल मेडिसिनचे काम. पट्टे कापून तोंड मोकळे करणे शल्यचिकित्सेचे. दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही, म्हणून रूट कॅनाल अवघड. मापाचा ट्रे आत जात नाही, म्हणून कवळी अवघड. ब्रश फिरत नाही, म्हणून हिरड्या खराब. शाळकरी पोर खर्रा खाते तेथे बालदंतवैद्यक आले. आणि २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी होऊनही ही तोंडे का मिटत आहेत, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा. एका खर्र्यात सात-आठ शाखांची उजळणी झाली! याच रोगातून पुढे कर्करोग होऊ शकतो, हे विसरता येईल काय?

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. मेळघाटातील आदिवासींत आणि विदर्भातील आमच्या बौद्ध समाजात हा आजार घरोघर माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येते, हा जीवरसायनाचा प्रश्न. दातांच्या मुळांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसणारी हाडाची जाळी, हा क्ष-किरणाचा. अशा रुग्णाचा दात काढताना प्राणवायू कमी पडू नये, शरीरातले पाणी आटू नये, जंतुसंसर्ग होऊ नये, हा शल्यचिकित्सेचा. ज्याच्या मामाच्या घरी हा आजार आहे, त्याने हे पाठ कशाला करायचे? त्याने ते समजून घ्यायचे.

फ्लोराइडचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असेल तर ते पिण्यास अयोग्य. दाताचे इनॅमल घडत असताना ते पोटात गेले की डाग पडतात. डाग मोजण्याचा निर्देशांक डीनचा. फ्लोराइड काढण्याच्या पद्धतीला नाव तेलंगणातील नलगोंड्याचे, पण ती शोधली आमच्या नागपूरच्या नीरी संस्थेने, तुरटी आणि चुना वापरून. विदर्भाच्या मुलाला हे माहीत नसावे, याचे दुःख आहे.

आता गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांना दोन शब्द. राखीव प्रवर्गाची पात्रता ४० पर्सेंटाइल आहे म्हणून नाके मुरडली जातात. ४० पर्सेंटाइल म्हणजे ४० टक्के गुण नव्हेत, हे तरी आधी समजून घ्यावे. २०२४ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी सर्वच प्रवर्गांची रेषा खाली आणली गेली, खुल्या प्रवर्गाचीही. तेव्हा गुणवत्तेचे हे कैवारी कोठे होते? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात अखिल भारतीय कोट्यातील ओबीसी आरक्षण कायम ठेवले. स्पर्धा परीक्षेतील गुणांत काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक लाभ दिसत नाहीत, असेही तेव्हा न्यायालयाने सांगितले. मात्र आरक्षण दार उघडते, आत चालत आपल्यालाच जावे लागते, हे आम्ही आमच्याच मुलांना सांगणार आहोत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अमरावती आणि अकोल्यातील एकेका विहाराने रविवारची सकाळ दंतवैद्यकाच्या मुलांना द्यावी. अंतिम वर्षाचे विद्यार्थी, इंटर्न आणि एमडीएस झालेले आपले बंधू-भगिनी एकत्र बसावेत. दर रविवारी एक आजार घ्यावा, तो सर्व शाखांतून फिरवावा आणि शेवटी घड्याळ लावून ५० प्रश्न सोडवावेत. जे चुकले ते का चुकले, हे मोठ्याने सांगावे. जे एमडीएस झाले त्यांनी आपली पुस्तके कपाटात न ठेवता विहाराच्या वाचनालयात आणून द्यावीत. बार्टीकडे या परीक्षेच्या वर्गांची मागणीही लावून धरावी, पण मागणी मान्य होईपर्यंत रविवार वाया घालवू नयेत.

१९२७ साली अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या मंदिराच्या दाराचा होता. आज दार एमडीएसचे आहे. ज्या वस्तीत खर्र्याने तोंडे मिटत आहेत, त्या वस्तीचा स्वतःचा तज्ज्ञ डॉक्टर त्या दारातून आत गेला पाहिजे आणि परत वस्तीत आला पाहिजे. पदवी घेऊन शहरात हरवणाऱ्यांची यादी आमच्याकडे आधीच मोठी आहे. ती आणखी वाढवायची काय, हे येत्या रविवारी ठरवा.

जयभीम!