नगरसेवक आले, आता सोलापूरकरांची क्षेत्रसभा कधी?

सोलापूर : महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. आता १०२ नगरसेवक आहेत, त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन जायला दार आहे. पण निवडणूक झाली म्हणजे लोकांचा सहभाग आला, असे नाही. कायद्याने नागरिकांना दिलेली एक जागा अजून रिकामीच आहे. ती म्हणजे क्षेत्रसभा.

चार वर्षांत काय हरवले?

मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटनेचे कलम २४३ यू सांगते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ते मागे पडले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर चक्रे फिरली. तोवर अंदाजपत्रके, करआकारणी, कामांचे ठेके असे सगळे निर्णय लोकनियुक्त सभागृहाविना झाले. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात याचा जाब विचारायचा कुणाला, हाच प्रश्न होता.

नगरसेवक चार, जबाबदार कोण?

शहरात २६ प्रभाग आहेत. त्यातील २४ प्रभागांत प्रत्येकी चार आणि दोन प्रभागांत प्रत्येकी तीन नगरसेवक आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ होती. म्हणजे सरासरी एका प्रभागात ३६ हजारांहून अधिक लोक. गटार तुंबले तर चौघेही आपलेच, पण जबाबदारी कुणा एकाची नाही. विश्वास नेमका इथेच गळतो.

क्षेत्रसभा म्हणजे काय?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात २००९ मध्ये ही तरतूद आली.

- प्रभागातील काही मतदान केंद्रांच्या हद्दीइतका भाग म्हणजे एक क्षेत्र.
- तिथल्या मतदारयादीतील प्रत्येक जण सभेचा सदस्य.
- सभा बोलावण्याची जबाबदारी नगरसेवकाची.
- पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता यांतील त्रुटी दाखवणे आणि कामांचा अग्रक्रम सुचवणे, हे सभेचे काम.

कागदावर हे सगळे आहे. मात्र राज्यातील महापालिकांत ही सभा रुजलेली नाही.

गावात आहे, शहरात का नको?

मोहोळ किंवा अक्कलकोटमधल्या छोट्या गावातला मतदारही ग्रामसभेत उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या टाळल्या तर सरपंचपद जाऊ शकते. तोच माणूस सोलापुरात राहायला आला की हा हक्क त्याच्या हातून निसटतो. घरपट्टी, पाणीपट्टी भरूनही त्याचा आवाज पाच वर्षांतून एकदा मतदान यंत्रावर बटण दाबण्यापुरताच उरतो.

सभेने काय साधणार?

सभा म्हणजे कार्यकर्त्यांची गर्दी आणि आरडाओरडा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. ग्रामसभाही अनेकदा कोरमअभावी तहकूब होतात. पण त्यावर उपाय सभा टाळणे नाही, इतिवृत्त लिहिणे हा आहे. कोणती मागणी आली, कोणत्या अधिकाऱ्याने काय उत्तर दिले, काम कधी झाले, हे महापालिकेने जाहीर केले तर पुढच्या सभेत थापा चालणार नाहीत. अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामे घेण्याची पद्धत पुणे महापालिकेने २००६ पासून राबवली आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

आता काय करायला हवे?

१. प्रत्येक प्रभागातील क्षेत्रांच्या हद्दी अधिसूचित व्हाव्यात. त्यासाठी महापालिकेने शासनाकडे पाठपुरावा करावा.
२. अधिसूचनेची वाट न पाहता नगरसेवकांनी प्रभागात खुल्या सभा सुरू कराव्यात. त्याला कायदा आड येत नाही.
३. अंदाजपत्रक ठरण्याआधी प्रभागनिहाय मागण्या आणि त्यावरील निर्णय जाहीर व्हावेत.

याच शहराच्या नगरपालिकेने १९३० मध्ये इंग्रजांची पर्वा न करता तिरंगा फडकावला होता. तेव्हा लोक आणि नगरपालिका एका बाजूला उभे होते. आज तसे उभे राहायला धाडसाची गरज नाही. पेठेतल्या शाळेचे मैदान, शंभर खुर्च्या आणि उत्तर द्यायला तयार असलेला नगरसेवक, एवढे पुरे आहे.