बळ वाढले, तोल गेला

कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांचे जलविद्युत केंद्र 1922 पासून उभे आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या जलाशयात साठलेले पाणी तेथे मोजूनमापून उतरवले जाते. पुरुषदेहातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची व्यवस्थाही अशीच आहे. रक्तातील प्रमाण पाहून मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना आज्ञा देते. पुरवठा बाहेरून होऊ लागला की ती आज्ञा थांबते. अॅनाबॉलिक स्टेरॉईड घेणाऱ्या तरुणाच्या देहात नेमके हेच घडते, आणि त्याचे परिणाम स्नायूंपाशी थांबत नाहीत.

महाराष्ट्रात या द्रव्यांची मोठी चर्चा झाली ती 2016 साली. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले मल्ल नरसिंग यादव यांच्या चाचणीत रिओ ऑलिंपिकपूर्वी मेथँडिएनोन आढळले. ते आपल्या आहारात कोणीतरी मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य केले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. पदकाची संधी गेली, षड्यंत्र कोणाचे, यावर रकानेच्या रकाने भरले. जे तरुण हे द्रव्य जाणूनबुजून घेतात त्यांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

वास्तविक खेळाडूंपेक्षा धोका अधिक आहे तो कोणत्याही स्पर्धेत न उतरणाऱ्या तरुणांना. भिवपुरी रोडहून पहाटेची लोकल धरून कल्याण-ठाण्याला जाणारा, रात्री परतल्यावर जिममध्ये घाम गाळणारा मुलगा चार महिन्यांत रुंद होतो, तेव्हा घरच्यांना कौतुकच वाटते. मग झोप कमी होते. क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावले जाते. धाकट्या बहिणीवर हात उगारला जातो, मित्रांविषयी संशय बळावतो. आई म्हणते, रक्त तरुण आहे! इंजेक्शनाचा विचार तिच्या मनातही येत नाही. स्वयंसेवकांच्या घरापर्यंत हे पोहोचणार नाही, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुरुषांना आठवड्याला 600 मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिले गेले. प्रयोग पूर्ण करणाऱ्या 50 जणांपैकी 42 जणांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही; सहा जणांत सौम्य, तर दोघांत तीव्र उन्माद दिसला. म्हणजे घेणारा प्रत्येक जण हिंसक होतो, हे खरे नाही. पण त्या दोघांत आपला मुलगा असेल की नाही, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. शिवाय जिममधील ‘कोर्स’ वैद्यकीय देखरेखीखाली होत नाही. अनेकदा दोन-तीन द्रव्ये एकत्र घेतली जातात. टेस्टोस्टेरॉन आणि नँड्रोलोन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे. ती कागदावर राहू नये, हे पाहणे गावातील जाणत्यांचेही काम आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो औषध थांबवल्यानंतरचा काळ. बाहेरचा पुरवठा संपलेला, शरीराचा स्वतःचा अजून सुरू न झालेला. ही अवस्था कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने टिकते. कमावलेला देह डोळ्यांदेखत उतरतो, उत्साह जातो, वैवाहिक जीवनातील रस आटतो, खिन्नता दाटते. काहींच्या मनात आत्मघाताचे विचार येतात, तर अनेक जण केवळ या यातनेतून सुटण्यासाठी पुन्हा सुईकडे वळतात. घरच्यांना मात्र वाटते, मुलगा शांत झाला, सुधारला.

समर्थांनी गावोगावी मारुती स्थापिला तो बलोपासनेसाठी. दंड-बैठका आणि सूर्यनमस्कारांचा आग्रह त्याच परंपरेतला. पण अशा मुलाला तडक तालमीत नेऊन भागणार नाही. प्रथम त्याची संप्रेरकतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अशा दोघांशी गाठ घालून द्यावी. कोणते औषध, किती आणि कधीपासून, हे त्याने डॉक्टरांपुढे निःसंकोच सांगावे यासाठी वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी तरी त्याला रागावू नये.